खर्जाला लोखंड लागतं

लातूर, परभणी, जालना, अंबाजोगाई. यातल्या कुठल्याही गावात जुन्या लाउडस्पीकरवाल्याकडे जा आणि माळ्यावर काय पडलंय ते बघू द्या म्हणा. कर्ण्यांच्या ढिगाखाली, वायरच्या गुंडाळ्यांमागे एखादा तरी राखाडी पत्र्याचा जड डबा, म्हणजे जुना ॲम्प्लिफायर (ॲम्प), निघण्याची शक्यता असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हरिनाम सप्ताह, उरूस, लग्नं आणि निवडणुकीच्या सभा असल्याच डब्यांवर झाल्या. झाकण काढलं की आत काचेचे व्हॉल्व्ह उभे दिसतात. पुढे बोटभर उंचीचे दोन-तीन, मागे चांगले वीतभर वाटावेत असे दोन किंवा चार, आणि त्यांच्या शेजारी लोखंडी पट्ट्यांचे ट्रान्सफॉर्मर. हे डबे शोधत फिरणारी गिटारवाली पोरं अलीकडे मला भेटायला लागली आहेत. मी स्वतः बास, म्हणजे खर्जातली जाड तारांची गिटार, वाजवतो, त्यामुळे त्यांच्या शोधात मीही असतो.

तरुण मुलांनी साठ वर्षं जुनं यंत्र का शोधावं, याचं उत्तर बहुतेक जण ‘त्या आवाजात ऊब असते’ एवढ्यावर उरकतात. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या उबेमागे मोजता येणारी कारणं आहेत. व्हॉल्व्हचा ॲम्प कानाला आवडतो, कारण तो एका विशिष्ट रीतीने चुकतो. आणि गिटारला जी चूक हवीहवीशी वाटते, ती बासला परवडतेच असं नाही. एकाच डब्यातून दोन्ही वाद्यं वाजवून पाहिली की हे फार स्पष्ट कळतं.

आधी व्हॉल्व्ह काय करतो ते पाहू. काचेच्या नळीतली जवळजवळ सगळी हवा काढून टाकलेली असते. मधोमध कॅथोड नावाची धातूची बारीक नळी, तिच्यावर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा पांढरा लेप, आणि आत तापणारी तार. ही तार लालसर-नारिंगी पेटते, कॅथोड सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. बाहेरच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, तीन-चारशे व्होल्टचा धन दाब असतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. ग्रिडवर थोडा ऋण दाब दिला की इलेक्ट्रॉनांची वाट अडते, तो कमी केला की मोकळी होते. ग्रिडवरच्या इवल्याशा चढउताराने प्लेटवर मोठा चढउतार होतो. झालं प्रवर्धन. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन भागांचा व्हॉल्व्ह केला आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरा भाग घातला. ती जाळी आली नसती तर रेडिओही आला नसता आणि इलेक्ट्रिक गिटारही.

बहुतेक व्हॉल्व्हच्या तापतारेला ६.३ व्होल्ट लागतात. हा विचित्र आकडा आला शिशाच्या बॅटरीतून. एका सेलचे २.१ व्होल्ट, तीन सेलचे ६.३. आपल्याकडे व्हॉल्व्ह पहिल्यांदा आले ते अर्थातच रेडिओतून. निजामाच्या राजवटीत हैदराबादसोबत औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं. पुढे १९६०च्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच व्हॉल्व्ह बनवायला घेतले. जुन्या मेकॅनिकांच्या खोक्यांतून त्यांचे ईसीसी८३ आणि ईएल८४ अजूनही निघतात. गिटारवाले ज्याला १२एएक्स७ म्हणतात, तोच हा ईसीसी८३. नाव अमेरिकी आणि युरोपी, वस्तू एकच.

गिटारच्या तारेखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, साधारण दशांश व्होल्टच्या घरात. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर २० व्होल्ट लागतात आणि अडीच अँपिअर प्रवाह. ईसीसी८३च्या एकेका टप्प्याने सिग्नल पन्नास-साठ पटींनी वाढतो. मध्ये आवाजाचे आणि टोनचे नॉब बरंच काही खातात, म्हणून दोन-तीन टप्पे लावतात. शेवटी ईएल३४ किंवा ६एल६ जातीचे मोठे व्हॉल्व्ह ताकद देतात.

खरी गंमत सुरू होते ती नॉब पुढे गेल्यावर. व्हॉल्व्हला एक मर्यादा असते. ग्रिडवरचा ऋण दाब पुरता संपला की ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन ओढायला लागते आणि लाटेचा एका बाजूचा माथा दबतो. दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह बंद व्हायला येतो, पण एकदम बंद होत नाही, हळूहळू आवळत जातो. परिणामी लाटेचे माथे गोलसर दाबले जातात, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखे नाही. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये बहुतेक वेळा आउटपुटचा मोठा हिस्सा परत इनपुटला देऊन चूक दुरुस्त केलेली असते. त्यामुळे मर्यादेपर्यंत लाट अगदी स्वच्छ राहते आणि मर्यादा आली की सुरीने कापल्यासारखी सपाट होते. व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पमध्ये अशी दुरुस्ती थोडी असते, व्हॉक्स कंपनीच्या एसी३०च्या शेवटच्या टप्प्यात तर ती नाहीच. म्हणून तो ‘स्वच्छ’पासून ‘फाटलेल्या’पर्यंत मोठा प्रवास करतो, आणि वाजवणाऱ्याला तार किती जोरात छेडायची यावर त्या प्रवासात कुठे थांबायचं ते ठरवता येतं. हलक्या हाताने स्वच्छ सूर, जोरात मारला की खर्र. ही पकड बोटांत येते, आणि माझ्या मते व्हॉल्व्हचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे.

लाटेचा आकार बदलला की तिच्यात नवे सूर येतात. ११० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांचा, सूर दबला की २२०, ३३०, ४४० असे त्याचे पटीतले सूर, हार्मोनिक, तयार होतात. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर दोरा सरकवत आपण हेच शोधत असतो: तार घोडीला कुठे घासली की वरचे सूर फुलतात ते. ‘व्हॉल्व्ह समपटीचे सूर देतो म्हणून गोड, ट्रान्झिस्टर विषमपटीचे देतो म्हणून कडू’ असं एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धवट आहे. छोटे व्हॉल्व्ह एकेकटे काम करतात, तिथे समपटीचे सूर भरपूर तयार होतात हे बरोबर. पण मोठे व्हॉल्व्ह जोडीने लावलेले असतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि अशा जोडीत त्या टप्प्यावर तयार झालेले समपटीचे सूर एकमेकांना खोडून काढतात. जोरात वाजणाऱ्या मोठ्या ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यातून विषमपटीचेच सूर जास्त येतात आणि तरीही तो आवाज लोकांना प्यारा आहे. म्हणजे कोणते सूर येतात यापेक्षा ते किती अलगद येतात, याला महत्त्व आहे.

दोन सूर एकत्र वाजवले की गोष्ट आणखी खोल जाते. दबलेल्या लाटेत फक्त पटीतलेच सूर येत नाहीत, दोन सुरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही येतात. गिटारवाले फाटक्या आवाजात पूर्ण कॉर्ड (एकत्र छेडलेले अनेक सूर) टाळतात आणि नुसते दोन सूर वाजवतात, मूळ सूर आणि त्याचा पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. आपल्या भाषेत षड्ज-पंचम. षड्ज ११० हर्ट्झवर असेल तर पंचम १६५ वर. वजाबाकी ५५, म्हणजे षड्जाचाच खालचा षड्ज. गिटारवर जो सूर वाजवलाच नाही, तो ॲम्पने तयार करून खाली बसवला. दोन तारांची कॉर्ड एवढी भरदार का वाटते, याचं हे एक मोठं कारण.

आता पंचमाऐवजी गंधार घ्या. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जाच्या सव्वापट असतो, १३७.५ हर्ट्झ. वजाबाकी २७.५, दोन सप्तकं खालचा षड्ज, चोख. पण गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या समान स्वरांतराने बसवलेल्या. तिथला गंधार १३८.६ च्या जवळ येतो. एका हर्ट्झचा फरक. वर तो फारसा टोचत नाही, गायकांना हार्मोनियमचा गंधार जरा चढा वाटतो एवढंच. पण तोच एक हर्ट्झ वजाबाकीत खाली उतरला की २७.५ चे २८.६ होतात, आणि तेवढ्या खाली तो फरक अर्ध्या सुराच्या दोन तृतीयांश भरतो. म्हणजे कॉर्डच्या तळाशी एक धडधडीत बेसूर स्वर घोंगावायला लागतो. गंधार घातलेली कॉर्ड फाटक्या आवाजात गढूळ का होते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वही-पेन्सिल घेऊन वजाबाकी केली तेव्हा ते डोळ्यांसमोर आलं, आणि भारतीय संगीतातल्या श्रुतींची चर्चा आणि विलायती ॲम्पचा खर्रखर्र एकाच गणितात बसलेले पाहून फार आनंद झाला.

स्पीकरशी असलेलं नातंही समजून घेण्यासारखं आहे. ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक सुराला ८ ओहम नसतो. त्याच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनाजवळ, गिटारच्या स्पीकरमध्ये साधारण ७० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान, त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. वरच्या सुरांकडेही तो चढत जातो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प याची पर्वा करत नाही, ठरलेला व्होल्टेज देतो. व्हॉल्व्हचा ॲम्प मात्र अंगभूत रोध जास्त असल्यामुळे जिथे स्पीकरचा रोध वाढतो तिथे जास्त व्होल्टेज देतो. साहजिकच खालचा एक पट्टा आणि वरची धार दोन्ही उचलले जातात. कागदी कोनाचे (शंकूसारख्या पडद्याचे) गिटार स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतात, म्हणून ती धार कान फाडत नाही. स्पीकर बदलला की ॲम्प बदलल्यासारखा वाटतो तो यामुळे.

आता बास. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२.४ हर्ट्झ, बासची बरोबर निम्मी, ४१.२. एकच सप्तक खाली. पण या एका सप्तकाची किंमत फार मोठी आहे आणि ती चार ठिकाणी मोजावी लागते.

पहिलं ठिकाण कान. खालच्या सुरांना माणसाचा कान बराच मंद आहे. मधल्या पट्ट्यातला सूर ज्या जोरावर स्पष्ट ऐकू येतो, त्या जोरावर ४० हर्ट्झचा सूर जेमतेम जाणवतो. दुसरं ठिकाण स्पीकरचा कोन. तेवढाच ध्वनिदाब निर्माण करायला सुराची कंपनसंख्या निम्मी झाली की कोनाला चौपट अंतर मागे-पुढे जावं लागतं. गिटारला एक मिलिमीटर पुरत असेल तर बासला चार. म्हणून बाससाठी एक तर मोठे स्पीकर लागतात किंवा पुष्कळ.

तिसरं ठिकाण आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. व्हॉल्व्हला जास्त दाब आणि थोडा प्रवाह हाताळता येतो, स्पीकरला थोडा दाब आणि जास्त प्रवाह लागतो. ईएल३४च्या जोडीला साडेतीन हजार ओहमच्या आसपासचा भार हवा, स्पीकर ८ ओहमचा. दोघांची सोयरीक जमवतो तो ट्रान्सफॉर्मर. रोधांचं गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं, म्हणजे इथे वेढे साधारण २० ला १. वीज एका वाइंडिंगमधून दुसऱ्यात थेट जात नाही. आधी लोखंडात चुंबकत्व तयार होतं, मग त्यातून दुसऱ्या वाइंडिंगमध्ये वीज. सूर जितका खालचा, तितकी लाटेची प्रत्येक अर्धी फेरी लांब चालते आणि तेवढा वेळ चुंबकत्व साचत राहतं. तोच व्होल्टेज ८२ ऐवजी ४१ हर्ट्झला दिला तर लोखंडावर दुप्पट ओझं. लोखंडाला किती चुंबकत्व पेलवतं त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की ट्रान्सफॉर्मरचं काम तेवढ्या क्षणापुरतं थांबतं, व्हॉल्व्हला समोर जवळजवळ शॉर्ट सर्किट झाल्यासारखं वाटतं आणि सूर चिरका होतो. त्यात खोली राहत नाही. गिटारवर झकास लागणारा डबा बासवर अचानक पातळ का वाटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा या लोखंडात असतं. उपाय एकच, जास्त लोखंड. बासचे चांगले जुने ॲम्प जड असतात ते उगाच नाही.

चौथं ठिकाण वीजपुरवठा. ॲम्पच्या आत घरातली वीज वाढवून, सरळ करून कंडेन्सरमध्ये साठवलेली असते. जोराचा सूर आला की तिथून एकदम प्रवाह ओढला जातो आणि व्होल्टेज खाली बसतो. शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की घरातला बल्ब क्षणभर मंद होतो, अगदी तसं. वीज सरळ करायलाही जुन्या सेटमध्ये व्हॉल्व्हच असे. ५यू४ जातीच्या व्हॉल्व्हवर भरपूर प्रवाहात चाळीसच्या वर व्होल्ट खर्ची पडतात, जीझेड३४ वर त्याच्या निम्म्याहून कमी. गिटारवाल्यांना हा झोल आवडतो. कॉर्ड मारली की आवाज किंचित दबतो आणि मग फुलत वर येतो, सूर श्वास घेतल्यासारखा वाटतो. बासला मात्र ठोका ठोक्यासारखाच लागला पाहिजे. ढोलकी किंवा ड्रमच्या बरोबर जो आघात पडायला हवा, तो दबून मागून आला की ताल सैल वाटतो. ऑर्केस्ट्रात मागे उभं राहून वाजवणाऱ्याला हे लगेच कळतं, ऐकणाऱ्याला फक्त ‘काहीतरी जमत नाही’ एवढं जाणवतं.

या सगळ्याचा इतिहासातला पुरावा फार बोलका आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प. पुढे त्याला दहा इंची चार स्पीकर आले. पण त्याचं खोकं मागून उघडं होतं. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागची हवा ओढली जाते, आणि खालच्या सुरांत ही मागची लाट वळसा घालून पुढच्या लाटेला खोडते. बासला यापेक्षा वाईट काय! गिटारवाल्यांनी मात्र तो डोक्यावर घेतला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये याच बासमनच्या सर्किटवरून जेटीएम४५ तयार झाला, आणि पुढे रॉकच्या मंचावर जो गरजणारा गिटारचा आवाज घुमला त्याचं मूळ असं एका बासच्या ॲम्पमध्ये आहे. बासवाल्यांना वेगळी वाट शोधावी लागली. ॲम्पेग कंपनीने १९६०च्या सुमारास बी-१५ मध्ये बंद खोकं दिलं आणि १९६९ मध्ये एसव्हीटी आणला: ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसत्या ॲम्पचंच वजन भलतंच मोठं, सोबत दहा इंची आठ स्पीकरचं माणसाच्या छातीपर्यंत येणारं कपाट. वरची चारही ठिकाणं एकाच यंत्रात ताकदीने भरून काढली.

मग ३० वॅटच्या जुन्या डब्यावर बास वाजवायचाच नाही का? वाजवायचा, आणि तो छान लागतो, पण वेगळ्या कारणाने. ४१.२ हर्ट्झचा सूर छोट्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरी आपल्याला तो ऐकू येतो. त्याचे पटीतले सूर, ८२.४, १२३.६, १६४.८, स्पीकर देतो, आणि या सुरांमधलं समान अंतर ओळखून मेंदू मूळ सूर स्वतः भरून घेतो. ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीवर हवा सोडून हा प्रकार दाखवला होता. व्हॉल्व्ह जरासा दबला की हेच पटीतले सूर वाढतात. म्हणून हलका खर्र असलेला बास मंडपाच्या गोंगाटातही उठून कळतो आणि तेवढ्याच वॅटचा निर्मळ बास हरवून जातो. ‘व्हॉल्व्हचा वॅट मोठा असतो’ या समजुतीत तथ्य एवढंच. वॅट तेवढाच असतो. माथा दबलेल्या लाटेत सरासरी ऊर्जा मात्र जास्त मावते आणि कानाला ती खटकत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेच्या पलीकडेही वापरता येतो.

आपल्याकडे वाजवताना विजेचं गणित टाळता येत नाही. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की खेड्यात २३० चे १८० व्होल्ट होणं नवलाचं नाही. मग तापतारेला ६.३ ऐवजी ४.९ व्होल्टच मिळतात. कॅथोड पुरेसा तापत नाही आणि आवाज मरगळतो. असं फार काळ चालवलं तर व्हॉल्व्हचं आयुष्यही कमी होतं. तापतारेचा व्होल्टेज दहा टक्क्यांच्या आत राहावा, असा दंडक आहे. चांगला स्टॅबिलायझर ही व्हॉल्व्हवाल्याची पहिली खरेदी असावी, गिटारच्या नव्या पेडलच्याही आधी. अमेरिकी ॲम्प असेल तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ६० साठी काटकसरीने बनवलेल्या लोखंडावर ५० हर्ट्झला वीस टक्के जास्त ओझं येतं. बासच्या बाबतीत जे आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं, तेच इथे मेन ट्रान्सफॉर्मरचं. तो जास्त तापतो.

उन्हाळ्याची भीती मात्र लोक चुकीच्या जागी बाळगतात. मे महिन्यात खोलीत ४२ अंश असले तरी व्हॉल्व्हला काही फरक पडत नाही, त्याची काच एरवीही हात भाजेल इतकी तापलेली असते. सोसतात ते कंडेन्सर. त्यांच्या आतला ओलावा उष्णतेने उडत जातो, आणि दर दहा अंशांच्या वाढीला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा हिशेब धरतात. म्हणून ॲम्पच्या मागे हात-दोन हात मोकळी जागा आणि एक पंखा, एवढं पुरे.

कंडेन्सर सुकले की घुमघुम सुरू होते, आणि त्या घुमघुमीचाही एक सूर आहे. पिकअप पकडतो ती विजेची घुमघुम ५० हर्ट्झची, कंडेन्सर कमजोर झाल्यावर येते ती १०० ची. बासच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला येणारा ‘जी’ ४९ हर्ट्झचा, मोकळी ‘जी’ तार ९८ ची. सुकलेल्या कंडेन्सरचा डबा चालू करून मोकळी ‘जी’ वाजवून बघा. सूर आणि घुमघुम एकमेकांवर आदळून सेकंदाला दोनदा आवाज चढतो-उतरतो, वॉव-वॉव-वॉव. शेजारचा ‘ए’ वाजवला तर असा हेलकावा कळत नाही. मेकॅनिककडे मीटर नसेल तरी ही एक तार दुखणं सांगून जाते. जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ वाजवल्यावर सेकंदाला एकच हेलकावा येत असेल तर आधी अर्थिंग आणि वायर बघा.

आणि आत हात घालण्याबद्दल. आमच्याकडे एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांच्या टेबलावर असा डबा उघडला होता. प्लग काढून बराच वेळ झाला होता. मी वाकून बघायला लागलो तर काकांनी मनगट धरलं. “थांब बाळा, त्यात अजून करंट हाय.” त्यांनी मीटरची काळी पिन चेसिसला, म्हणजे डब्याच्या धातूच्या सांगाड्याला, आणि लाल पिन कंडेन्सरला लावली. काटा ३०० च्या पुढे. मग प्लास्टिकच्या नळीत घातलेला १० हजार ओहमचा जाडजूड रेझिस्टर त्यांनी दोन्ही टोकांना टेकवून धरला, एक हात खिशात. काटा सरसर खाली आला आणि शून्याला टेकल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला, कारण कंडेन्सर सोडल्यावर थोडा व्होल्टेज पुन्हा वर येतो. एक हात खिशात ठेवायचं कारण, दोन्ही हात आत असले तर प्रवाह एका हातातून दुसऱ्यात जाताना छातीतून जातो. पेचकस टेकवून ठिणगी काढणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. त्यांचं बघून शिकू नये. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधले ४०० व्होल्ट जीव घेऊ शकतात, डबा बंद असतानाही.

दुसरा तितकाच कडक नियम: स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरला ते चालतं. इथे मात्र लोखंडातल्या चुंबकत्वाला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ते प्लेटच्या बाजूला हजारो व्होल्टची उसळी मारतं आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. व्हॉल्व्ह आजही मिळतात, स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये ते बनतात. तसा ट्रान्सफॉर्मर मात्र नव्याने गुंडाळून घ्यायला हातातलं कसब असलेला माणूस शोधावा लागतो.

जुना लाउडस्पीकर सेट घेताना मागची पट्टी नीट वाचा. बऱ्याच सेटवर १०० व्होल्ट लाइनचं आउटपुट असतं. शेतातून, गल्लीतून लांबवर कर्णे जोडताना प्रवाह कमी ठेवून वायरमधला तोटा वाचवायची ती युक्ती, आणि प्रत्येक कर्ण्याला त्यासाठी स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर असे. गिटारचा ८ ओहमचा स्पीकर त्या टोकाला थेट जोडायचा नाही. शेजारी ४, ८, १६ ओहमची टोकं असतील तर ती वापरा. माइकच्या इनपुटचा रोध गिटारच्या पिकअपला फार कमी पडतो आणि आवाज कोंदट येतो, तो दहा लाख ओहमचा करून घ्यावा लागतो. काम छोटं आहे, एका रेझिस्टरचं. जुने कंडेन्सर न विचारता बदला आणि तीन पिनांची वायर लावून चेसिसला अर्थिंग द्या, कारण त्या काळच्या दोन पिनांच्या सेटवर गिटारची तार आणि माइक एकाच वेळी ओठा-हाताला लागले तर झटका बसू शकतो.

आणि दोन सेट समोर असतील, एकावर ६० वॅट लिहिलेले आणि दुसऱ्यावर ३०, तर गिटारवाल्याने दोन्ही वाजवून बघावेत आणि आवडेल तो घ्यावा. बासवाल्याने आधी दोन्हींचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बघावेत, कुणाचं लोखंड जाड आहे ते. ३० वाल्याचं जाड असेल तर तो उचलावा, आणि न्यायला सोबत एक माणूस आणावा.